गोव्यात पानं लाल होणारं सावलीचं झाड: मेपल जगेल का?

परसूवाला: फोंडा तालुका. घराच्या पश्चिमेला साधारण १२ × १० मीटर मोकळी जागा आहे, दुपारनंतरचं ऊन थेट ओसरीवर येतं. दोन फूट मातीखाली चिरा (जांभा दगड). सावली देणारं, झडण्याआधी पानं लाल होणारं झाड हवंय. ऑनलाइन मेपलचं बी मिळतं, ते घ्यावं का?

पानगळ: मेपल विसरा. मेपल काय नि चिनार काय, हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय त्यांच्या कळ्या नीट फुटत नाहीत. ती थंडी फोंड्यात कुठून आणणार? आणि निळ्या मेपलचं बी म्हणून जे विकतात ती सरळ फसवणूक, तसं झाडच नसतं.

तुम्हाला हवा तो रंग देशी बदामात आहे. जानेवारी-फेब्रुवारीत पानं तांबडी-केशरी होऊन झडतात, लगेच नवी पालवी फुटते आणि एप्रिल-मेच्या उन्हात सावली तयार असते. पुष्कळ झाडं वर्षातून दुसऱ्यांदाही पानं टाकतात. लाल रंग ऊन खाणाऱ्या पानांवरच चढतो. माडांच्या सावलीत लावलंत तर पानं पिवळी पडून गळतील. नत्राचा माराही नको.

फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या पसरतात, म्हणून घरापासून निदान ८ मीटर लांब. विहीर आणि सेप्टिक टँकपासूनही तेवढंच.

चिरेखाण: चिऱ्यात खड्डा म्हणजे दगडी वाडगं. पावसात पाणी साचतं, मुळं कुजतात आणि लोक म्हणतात रोपच वाईट होतं. मेमध्येच १ × १ × १ मीटर खणा, तळ पहारीने फोडा. मग दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल तर उताराच्या बाजूने चर काढून वाट द्या. यात आळस नको, बाकी सगळं दुरुस्त करता येतं.

भरताना वरची माती, तीन-चार घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलंत की वाळवी आलीच. माती खाली बसते, म्हणून रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा. पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर लावा. पहिली दोन वर्षं पाऊस संपल्यापासून मेअखेरपर्यंत आठवड्याला दोनदा १५-२० लिटर पाणी, बुंध्याभोवती पाचोळा. पण खोडाला चिकटवून नाही.

परसूवाला: रोप विकत घेऊ की बी रुजवू?

पानगळ: बी सोपं. झाडाखाली पडलेली पिकलेली फळं घ्या, गर काढा, रात्रभर भिजवा आणि आडवी ठेवून वर बोटभर माती घाला. महिना-दीड महिन्यात कोंब येतो. सगळी रुजत नाहीत, चार-पाच लावा. विकत घेणार असाल तर पिशवी उघडून मुळं बघा. गोल वळलेली असतील तर ते रोप नको.

तामणप्रेमी: छपरावर मंगळुरी कौलं आहेत का? बदामाची पानं वीतभर लांब, चामड्यासारखी. पन्हळीत अडकली की पहिल्याच पावसात पाणी भिंतीवर. शिवाय वटवाघळं फळं खाऊन बिया ओसरीत टाकतात. त्यापेक्षा तामण बघा. पानं झडण्याआधी तांबूस होतात (बदामाइतकी भडक नाही, हे खरं), आकार आटोपशीर, उन्हाळ्यात जांभळी फुलं. पाणी मात्र जास्त मागतं.

काहीही लावा, जागा नीट ठरवा. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे खासगी जागेतलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी काढावी लागते.