खासगी गाडी उशिरा आली तर भांडायचं कोणाशी?

कोपरीकर

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्याआधी थोडं रडगाणं ऐकून घ्या.

मी तुर्भे एमआयडीसीतल्या एका कंपनीत निर्यातीची कागदपत्रं बघतो. रोजचा ठाणे-तुर्भे, दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून. गेल्या महिन्यात आमचे दोन कंटेनर मध्य प्रदेशातल्या एका ड्राय पोर्टवरून (समुद्रापासून लांबचं कंटेनर डेपो) न्हावा शेवा बंदराला निघाले, खासगी ऑपरेटरच्या रेकवर, म्हणजे वॅगनच्या जोडलेल्या गाडीवर. (नाव लिहीत नाही, अजून त्यांच्याकडूनच माल जातो.) वसई-दिवा मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनात रेक बाजूच्या लूप लाइनीला लागला आणि तिथेच बसला. एकोणीस तास! माझ्या घरापासून बाइकने तासाभरावर माझाच माल उभा आणि मी मोबाइलवर त्याचं ठिकाण दर पाच मिनिटांनी उघडून बघतोय, नळाला पाणी आलं का बघतात तसं.

ऑपरेटर म्हणाला, वॅगन आमच्या, इंजिन आमचं नाही, मिळालं की निघेल. ओळखीतून दुसऱ्या बाजूला फोन लावला. रेल्वेकडून उत्तर आलं, रेकचे ब्रेक ठीक असल्याच्या ब्रेक पॉवर सर्टिफिकेटची मुदत संपली आहे, तपासणीशिवाय हलणार नाही, वॅगनवाल्याला विचारा. खरं कोणाचं, देव जाणे. बंदराचा गेट कटऑफ (बोटीसाठी माल आत घ्यायची शेवटची वेळ) हुकला, कंटेनर पुढच्या बोटीवर गेले, रोलओव्हर आणि यार्डाच्या भाड्याचा भुर्दंड आमच्या माथी. साहेबांनी विचारलं, भरपाई कोणाकडे मागायची? मी गप्प.

आता प्रश्न. २०२० मध्ये प्रवासी गाड्यांचंही असंच करायचं, म्हणजे रेल्वेच्या रुळांवर खासगी गाड्या चालवायचं घाटत होतं. १०९ मार्ग, १५१ गाड्या, मार्गांचे १२ गट, ३० हजार कोटींची गुंतवणूक. पुढच्या वर्षी टेंडर उघडलं तर बोली लावणारे दोघेच, त्यातली एक सरकारचीच आयआरसीटीसी. सगळं बारगळलं. उद्या ते पुन्हा आलंच आणि प्रवाशाचं माझ्या कंटेनरसारखं झालं, तर त्याने जायचं कुठे? विजेला वीज नियामक आयोग आहे, मोबाइलला ट्राय आहे. रेल्वेला का नाही? जाणकारांनी सांगावं.

कंट्रोलकाका

३४ वर्षं रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो, कुठली गाडी आधी सोडायची ते ठरवायचो, म्हणून लिहितो. तुमच्या रेकचं नेमकं काय झालं ते चार्ट बघितल्याशिवाय सांगणार नाही. पण त्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो.

संध्याकाळी पाचनंतर कंट्रोलरकडे वाटायला एकच गोष्ट असते, पाथ. म्हणजे गाडीला रुळावर मिळणारी जागा. अपघाताची मदतगाडी सगळ्यात आधी, मग मेल आणि लोकल, मालगाडीला उरलंसुरलं. मालगाडी कोणाची आहे हे बघायलाही वेळ नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली आणि मेलगाड्यांना लोकलपासून वेगळी वाट मिळाली. माझ्या मते आपल्या भागातल्या प्रवाशाचं त्या दोन लाइनींनी जेवढं भलं केलं तेवढं कुठल्याही टेंडरने केलं नसतं.

२०२० चे कागद मी वाचले होते. ड्रायव्हर आणि गार्ड रेल्वेचेच. कंपनीने डबे आणायचे, ३५ वर्षं चालवायचे, तिकिटाचा दर आपला आपण ठरवायचा. रेल्वेला हॉलेज (रूळ वापरून गाडी ओढण्याचं भाडं) द्यायचं, विजेचा खर्च द्यायचा, वर उत्पन्नातला वाटा. आणि गिऱ्हाईक ओढायचं कोणाचं? तर जी रेल्वे रूळ देते तिच्याच राजधानीचं. कंटेनरमध्ये हे आधीच झालं आहे. २००६ ला धंदा खासगींना उघडला, पंधराएक कंपन्या उतरल्या, पण हॉलेजचा दर रेल्वे मंत्रालय ठरवतं आणि धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी, कॉनकॉर, त्याच मंत्रालयाची.

आमच्या सोसायटीत टाकीचा व्हॉल्व ए विंगच्या जिन्याखाली आहे, चावी सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी ए विंगचा. मे महिन्यात बी विंगला चौथ्या मजल्याच्या वर पाणी चढत नाही. सेक्रेटरी माणूस वाईट नाही हो.

अवांतर: १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी खासगी कंपनीचीच होती. पण त्या जीआयपी कंपनीला भांडवलावर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. कमी पडलं तर रयतेने भरायचं.

सीवूड्सची वकील

काकांचा व्हॉल्व आवडला. मी कायद्याचं बोलते.

रेल्वेला काहीच नाही असं नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात रेट्स ट्रिब्युनल होतं, मालाच्या दराविरुद्ध तिथे जाता यायचं. मात्र त्याच कायद्याचं कलम ३७ वाचा: प्रवासी भाडं, डेमरेज (वॅगन अडवून ठेवल्याचा आकार), मालाचं वर्गीकरण, हे सगळं ट्रिब्युनलच्या हाताबाहेर. २०१७ च्या वित्त कायद्याने ते रेल्वे दावा न्यायाधिकरणात विलीनही झालं. बिबेक देबरॉय समितीने २०१५ मध्ये स्वतंत्र नियामक हवा असं स्पष्ट सांगितलं. एप्रिल २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने रेल विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली, तीही दरांबाबत सल्ला देण्यापुरती. मानायचा की नाही ते सरकार ठरवणार. २०२५ मध्ये रेल्वे कायदा दुरुस्त झाला, तेव्हाही नियामक त्यात नव्हता.

गंमत अशी की सुरक्षेच्या बाबतीत हे आपल्याला १९४१ पासून कळतं. रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली येत नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. चालवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. पैशाचा विषय निघाला की मात्र सगळं एकाच टेबलावर.

मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाचं म्हणाल तर रेल्वेने कोर्टात सांगितलं होतं की आमचं काम सार्वभौम सरकारचं, आयोगाचा आमच्याशी संबंध नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते मानलं नाही. पण त्याच वर्षी हॉलेजच्या दरांवरून एका कंटेनर ऑपरेटरने केलेली तक्रार आयोगाने फेटाळली.

आणि नियामक आला की सगळं सुरळीत, असंही समजू नका. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचं भाडं ठरवायला कायद्याने समिती बसली होती. २०१५ मध्ये तिने १० ते ११० रुपये सुचवले. दोन वर्षांनी उच्च न्यायालयाने ते रद्द केलं.

प्रवाशाला निदान ग्राहक आयोग आहे. जम्मूला गाडी चार तास उशिरा पोचली आणि एका कुटुंबाचं पुढचं विमान चुकलं, त्यांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम ठेवली. उशिराचं कारण रेल्वेने सिद्ध करायचं, असं त्यात म्हटलंय. कोपरीकर, तुमचा माल व्यापारी, ग्राहक आयोग तुम्हाला उभं करणार नाही. ऑपरेटरबरोबरचा करार काढा आणि उशिराचं कलम बघा. इतर कलमं नंतर.

कळव्याची लेडीज स्पेशल

मी काही एवढं वाचलेलं नाही, पण ऑगस्ट २०२२ कोणी विसरलंय का? मे मध्ये एसीचं तिकीट निम्मं केलं, छान. मग साध्या लोकलच्या जागी एसी घुसवल्या. कळव्याला कारशेडपाशी लोकांनी एसी अडवली, बदलापूरलाही गोंधळ झाला. आठवड्याभरात दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. काका म्हणतात तो पाथ आम्हाला त्या दिवशी कळला. ८ वाजून काही मिनिटांची एकच जागा, त्यात एसी सोडा नाहीतर आमची सोडा. खासगीवाला आला तर तो कोणाची काढून घेणार ते आधी सांगा.

तिकिटावर छापायचे ना, रेल्वेला खर्चाच्या ५७ टक्केच मिळतात म्हणून. उरलेले ४३ मी दारात एका पायावर उभी राहून फेडते.

कोपरीकर

लेडीज स्पेशल, +१.

वकीलताई, ऑफिसात करार काढला. उशिराचं कलम आहे, पाऊण ओळीचं: पोचण्याची वेळ अंदाजे समजावी. आम्ही पैसे उशिरा दिले तर काय, त्याला दीड पान. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले पुढच्या खेपेला ट्रेलरने पाठव. पाठवेन, पण डिझेलचा हिशेब केल्यावर तेच परत रेल्वेकडे येतील, मला माहीत आहे. तोवर नूतनीकरणाच्या वेळी उशिराचा दर ताशी लिहून मागायचा असं ठरवलंय. मसुदा करून देणार का?

काका, एक विचारायचं राहिलं. तुम्ही कुठल्या विंगला?

सीवूड्सची वकील

करार व्यनिने पाठवा, किमती झाकून.

कंट्रोलकाका

ए. सेक्रेटरी मीच.