प्लास्टिकची मोठी पिंपं कापायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. जीवामृताची (शेण-गोमूत्राचं पातळ खत) २०० लिटरची निळी पिंपं उन्हाने तडकून गेली, अशी १४ साठली आहेत. तळाला त्रिकोणात २ आकडा आहे, म्हणजे एचडीपीई. पुन्हा वापरात येणारं चांगलं प्लास्टिक. पण भंगारवाला म्हणतो, "दादा, टेम्पोत नुसती हवा भरून नेऊ का? तुकडे करून द्या." त्याचं बरोबरच आहे.

ग्राइंडर लावून पाहिला. प्लास्टिक कापलं जाण्याऐवजी वितळतं, धूर होतो आणि चकतीला चिकटून बसतं. हातकरवतीने एक पिंप उभं चिरायला अर्धा तास गेला. वर ते सारखं गरगर फिरतं, धरायला दुसरा माणूस लागतो. जिगसॉला (विजेवर चालणारी हातात धरायची छोटी करवत) मोठ्या दातांचं पातं लावून कमी वेगात चालवलं तर जमेल का? कोणी केलंय? आणि पिंप घट्ट कसं बसवता?

पिंपं धुऊन वाळवली आहेत. फवारणीच्या औषधांचे रिकामे कॅन यात नाहीत, ते मी कापणार नाही. जाळून टाका असंही कृपया सुचवू नका. नाशिककडे कोणाकडे श्रेडर (प्लास्टिकचे बारीक तुकडे करणारं यंत्र) भाड्याने मिळत असेल तर जरूर कळवा, पिंपं घेऊन मी स्वतः येईन.