३४व्या वर्षी प्रोस्टेटला सूज, आणि मूल होत नाहीये, ह्या दोन गोष्टींचा संबंध असतो का?

अबोल_गडी

नमस्कार मंडळी, विषय जरा अवघड आहे म्हणून नवीन नावाने लिहितोय. वय ३४, दीड वर्षापासून मूल हवंय म्हणून प्रयत्न चालू आहेत. बायकोच्या सगळ्या टेस्ट आधी झाल्या (खरं तर माझी साधी टेस्ट आधी व्हायला हवी होती पण मीच आज करतो उद्या करतो करत राहिलो), तिचं सगळं नॉर्मल. मग शेवटी माझा सीमेन (वीर्याचा) रिपोर्ट काढला. व्हॉल्यूम ०.८ एमएल, काउंट ४१ मिलियन पर एमएल, मोटिलिटी (शुक्राणूंची हालचाल) ३४ टक्के, लिक्विफिकेशनच्या (वीर्य पातळ होण्याच्या) पुढे लिहिलंय ६० मिनिटांत पूर्ण नाही, आणि पस सेल्स (पूच्या पेशी) ८ ते १०.

डॉक्टर म्हणाले प्रोस्टेटला सूज असणार, युरोलॉजिस्टला दाखवा. आता मला चार-पाच महिन्यांपासून खाली, म्हणजे अंडकोष आणि संडासची जागा ह्यांच्या मधे, ठणकतं हे खरंय, बसून काम असल्यामुळे संध्याकाळी जास्त, आणि लघवीला जाऊन आलं तरी थोडी राहिल्यासारखी वाटते. ताप नाही. पण मला कळत नाही की प्रोस्टेट हे तर म्हाताऱ्या माणसांचं दुखणं ना? माझ्या बाबांना आहे. आणि शुक्राणू तर वृषणात तयार होतात मग प्रोस्टेटचा मूल होण्याशी काय संबंध? नेटवर शोधलं की पहिल्या तीन ओळींतच कॅन्सर येतो, दोन रात्री झोप नाही.

लॅबकोट

आधी झोप. तिशीतल्या माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर होणं फार फार दुर्मिळ आहे, आणि तुझी लक्षणं सुजेची वाटतायत.

मी लॅबमधे हेच रिपोर्ट करतो, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाच. लोकांना वाटतं वीर्य म्हणजे शुक्राणू. तसं नाहीये, वृषणातून येणारा भाग जेमतेम २ ते ५ टक्के, बाकी सगळं पाणी दुसऱ्या ग्रंथींचं. निम्म्याहून बरंच जास्त वीर्यकोशांकडून येतं (त्यात फ्रुक्टोज असतं, शुक्राणूंचं इंधन), आणि साधारण पाव हिस्सा प्रोस्टेटचा. म्हणूनच नसबंदी केलेल्या माणसाला बाहेर येणाऱ्या वीर्यात काही फरकच जाणवत नाही, शुक्राणू बंद झाले तरी पाणी तेवढंच.

आता लिक्विफिकेशन. वीर्य बाहेर आलं की ते आधी जेलीसारखं घट्ट होतं, मग १५-३० मिनिटांत पातळ होतं. हे पातळ करायचं काम प्रोस्टेटचं एक प्रोटीन करतं, त्याचं नाव पीएसए. हो, तेच पीएसए जे तुझ्या बाबांच्या रक्तात मोजत असतील! त्याचं खरं काम वीर्य पातळ करून शुक्राणूंना मोकळं करणं, रक्तात ते झिरपतं म्हणून आपण तिथे मोजतो एवढंच. तर प्रोस्टेटचं पाणी नीट येत नसेल तर वीर्य घट्टच राहतं आणि शुक्राणू त्यात अडकून बसतात. शिवाय सूज असली की पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्यातून जे ऑक्सिडंट सुटतात ते शुक्राणूंच्या आवरणाला आणि डीएनएला त्रास देतात. म्हणजे संबंध आहे. पण सूज असलेल्या सगळ्यांनाच मूल होत नाही असं अजिबात नाही, कितीतरी जणांना होतात.

एक मात्र. "पस सेल्स ८ ते १०" ह्यावर लगेच जाऊ नको. साध्या मायक्रोस्कोपखाली कच्चे शुक्राणू आणि पांढऱ्या पेशी दोन्ही गोलच दिसतात, घाईत असलेला माणूस सगळ्यांना पस सेल्स लिहून मोकळा होतो. पेरॉक्सिडेज स्टेन (पांढऱ्या पेशी रंगवून वेगळ्या दाखवायची पद्धत) केला की खरं कळतं, एका एमएलमधे १ मिलियनच्या वर पांढऱ्या पेशी असतील तरच त्याला जास्त म्हणतात.

आता मला सांग, सॅम्पल घरून नेलं होतं का? सगळं डबीत पडलं का? किती दिवसांचा गॅप होता?

फिटनेस_फर्स्ट

भाऊ टेन्शन घेऊ नकोस, महिनाभर पूर्ण थांब, अजिबात वाया घालवू नको, साठलं की आपोआप व्हॉल्यूम आणि काउंट दोन्ही वाढतात. आणि झिंकची गोळी चालू कर, प्रोस्टेटला झिंक लागतंच.

लॅबकोट

महिनाभर नको!! टेस्टसाठी २ ते ७ दिवसांचा गॅप सांगतात तो उगाच नाही. जास्त दिवस थांबलं की आकडा वाढलेला दिसतो पण जुने, मेलेले शुक्राणू साठतात आणि मोटिलिटी पडते. ज्याला मूल हवंय त्याने महिनाभर थांबायचं म्हणजे काय ते तूच सांग.

झिंकचं अर्धं बरोबर आहे, प्रोस्टेटमधे झिंक खरंच भरपूर असतं. पण गोळी घेऊन उपयोग होतो का हे अमेरिकेत दोन हजारांवर जोडप्यांमधे तपासलं, पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड दिलं, २०२० मधे निकाल आला, ना वीर्य सुधारलं ना जास्त मुलं झाली, पोटाचे त्रास मात्र वाढले.

अबोल_गडी

लॅबकोट दादा खूप धन्यवाद, इतकं साधं करून कोणी सांगितलंच नव्हतं. सॅम्पल घरून नेलं, ट्रॅफिकमधे अडकलो त्यामुळे तासभर तरी लागला, आणि खरं सांगू का सुरुवातीचं थोडं बाहेर पडलं, लाजेने सांगितलं नाही. गॅप १० दिवस होता, मला वाटलं जास्त थांबलं की रिपोर्ट चांगला येईल 😅

लॅबकोट

मग त्या रिपोर्टची घडी करून ठेवून दे. सुरुवातीचं जे पाणी असतं त्यातच प्रोस्टेटचा भाग आणि सगळ्यात जास्त शुक्राणू असतात, नेमकं तेच सांडलंस. वाटेत सॅम्पल गार झालं असेल तर पातळ व्हायलाही वेळ लागतो. लॅबच्या खोलीतच दे, ३-४ दिवसांचा गॅप ठेवून, आणि सांडलं तर सांग, आम्हाला रोजचंच आहे, कोणी हसत नाही. तरीपण ०.८ फारच कमी वाटतंय, WHO च्या हिशोबाने १.४ तरी हवं.

दुसरी_पाळी

वय ६६, ह्या विषयात दहा वर्षांचा अनुभव म्हणून मधे बोलतो. बाळा तू लघवीच्या त्रासासाठी कुठली गोळी घेतोयस का? सगळे रिपोर्टवर बोलतायत, गोळ्यांचं कोणी विचारलंच नाही.

अबोल_गडी

काका हो, घेतोय की! लघवी राहिल्यासारखी वाटते म्हणून आधी एका डॉक्टरांकडे गेलो होतो त्यांनी सायलोडोसिन दिलीय, रात्री एक, दोन महिने झाले. मूल न होण्यासाठी ज्यांना दाखवतोय ते डॉक्टर वेगळे, त्यांना हे सांगायचं सुचलंच नाही, मला काय माहीत की ह्याचा त्याच्याशी संबंध असेल. थोडं कमी येतंय असं मलाही वाटत होतं पण सुजेमुळे असेल म्हटलं.

दुसरी_पाळी

अरे मग धर ना चोर. ही गोळी प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, लघवीची धार सुटते, पण तेच स्नायू वीर्य पुढे ढकलायला लागतात. त्यामुळे कमी येतं किंवा येतच नाही, आणि ह्या जातीच्या गोळ्यांत सायलोडोसिनने सगळ्यात जास्त. मला पहिल्या आठवड्यातच कोरडं झालं होतं, मी घाबरून बायकोला पण आठवडाभर सांगितलं नाही. ह्या वयात काय फरक पडतो म्हणून चालू ठेवली. तुझं तसं नाही. बंद केली की काही दिवसांत पूर्ववत होतं, पण मनाने बंद करू नकोस, ज्यांनी दिली त्यांना फोन करून सांग की मूल हवंय, ते बदलून देतील किंवा थांबवतील.

पुढे माझी दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडायची सर्जरी झाली, टीयूआरपी. तेव्हापासून वीर्य उलटं मूत्राशयात जातं, नंतरची लघवी गढूळ होते, बस. सुख कमी झालं नाही, ताठरताही तशीच, हे मुद्दाम लिहितो कारण बरेच जण त्या भीतीनेच सर्जरी लांबवतात आणि मग लघवी तुंबून रात्री धावपळ. त्या सर्जरीनंतर बहुतेकांना असंच होतं, म्हणून कोणाला अजून मूल हवं असेल तर आधी विचारायचं. आणि कॅन्सरसाठी जी पूर्ण प्रोस्टेट काढतात ती सर्जरी वेगळी, त्यात वीर्यकोशही जातात, मग वीर्य असं काही उरतच नाही, तरुण माणसाने शुक्राणू आधी फ्रीझ करून ठेवायला हवेत.

वाट_पाहतेय

मी बाई आहे, चालेल ना इथे लिहिलेलं? काका म्हणतात ते गोळ्यांचं अगदी खरं. आमच्याकडे असंच झालं फक्त गोळी केसांची होती. नवरा टक्कल पडू नये म्हणून फिनास्टराइड घ्यायचा, १ एमजी, आणि ते औषध मुळात प्रोस्टेटचंच, तिथे ५ एमजी देतात. काउंट कमी आला तेव्हा औषधं विचारली तर म्हणाला कुठलंच नाही, कारण केसांची गोळी म्हणजे औषध असं त्याच्या डोक्यातच नव्हतं. डॉक्टरांनी बंद करायला लावली, चार महिन्यांनी काउंट बराच वर आला (शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात म्हणे, त्यामुळे लगेच टेस्ट करून उपयोग नसतो). सगळ्यांनाच त्या गोळीने असं होतं असं नाही हेही डॉक्टरांनी सांगितलं. आणि घरात बाई गरोदर असेल तर तिने फुटलेली गोळी हाताळू नये, गर्भ मुलग्याचा असेल तर धोका असतो, हे मला पाकीट वाचल्यावर कळलं.

अजून एक, रागावू नका, पण दीड वर्ष बायकोला टेस्टच्या रांगेत उभं करून मग आपण एका डबीसाठी लाजणं... तिच्याशी बोला, तिला हे गोळीचं पण सांगा.

अबोल_गडी

ताई बरोबर आहे, काही उत्तर नाही ह्यावर. आजच सांगतो.

लॅबकोट

काकांनी बरोबर पकडलं, मला विचारायला हवं होतं. युरोलॉजिस्टकडे जाशील तेव्हा लघवीचं कल्चर होईल, कधी प्रोस्टेट दाबायच्या आधीची आणि नंतरची अशी दोनदा लघवी घेतात, त्यावरून जंतू प्रोस्टेटमधे आहेत का कळतं. जंतू सापडले तर चार-सहा आठवडे अँटिबायोटिक. पण तुझ्यासारखं जुनाट ठणकणं असलेल्या दहातल्या नऊ जणांत जंतू नसतातच, बऱ्याचदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून बसलेले असतात, तिथे अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स करून काही होत नाही, फिजिओथेरपीने जास्त फरक पडतो. आणि कधी थंडी वाजून ताप आला, लघवी अडली तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल, ती सूज वेगळी असते. पीएसए आत्ता करू नको, सुजेत वाढलेलाच येईल आणि परत तू दोन रात्री जागशील.

अबोल_गडी

सात आठवड्यांनी अपडेट. डॉक्टरांना सांगून सायलोडोसिन बंद केली. लघवीचं कल्चर दोन्ही वेळा क्लिअर, जंतू नाहीत. नवीन रिपोर्ट लॅबमधेच दिला, ४ दिवसांचा गॅप, काही सांडलं नाही 🙂 व्हॉल्यूम २.४, लिक्विफिकेशन २५ मिनिटं, मोटिलिटी ४६, आणि स्टेन करून पांढऱ्या पेशी ०.३ मिलियन. म्हणजे त्या पस सेल्स बहुतेक पस सेल्स नव्हत्याच. ठणकणं निम्मं झालंय, फिजिओने कीगल (तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम) सांगितले असते तर कळलं असतं पण उलटं स्नायू सोडायचे व्यायाम दिलेत, आणि दर पाऊण तासाने उठतो. आधी नेटवर वाचून मी स्वतःच कीगल करत होतो, आवळलेल्याला अजून आवळत होतो.

मूल अजून नाही, डॉक्टर म्हणतायत सहा महिने नैसर्गिकच प्रयत्न करा. बायकोने गोळीचं ऐकून दोन दिवस अबोला धरला, मग रिपोर्ट आणायला माझ्याबरोबर तीच आली.

काका, एक विचारायचं होतं, बाबा पण तीच सायलोडोसिन घेतात, त्यांच्याशी हा विषय कसा काढू?

दुसरी_पाळी

काढू नकोस. त्यांना माहीत असणार.