आजोबांच्या आंब्याच्या पट्टीवर 'हॉर्नबी रोड' लिहिलंय, हा मुंबईतला कुठला रस्ता?

देवगडचा_कलमवाला
नमस्कार मंडळी. माळ्यावरची ट्रंक साफ करताना आजोबांच्या वेळच्या दलालाच्या पट्ट्या सापडल्या, कडा वाळवीने खाल्ल्यात पण शाई अजून वाचता येतेय. किती पेट्या, हमाली किती, अडत किती, सगळा हिशोब आहे. पत्ता क्रॉफर्ड मार्केटचा आणि एका पट्टीच्या मागे पेन्सिलने 'हॉर्नबी रोडवरून चष्मा आणणे' असं लिहिलंय. मॅपवर या नावाचा रस्ता काही सापडेना. शेजारचे काका म्हणतात वरळीच्या बाजूला होता. पुढच्या महिन्यात कोकणकन्येने मुंबईला जायचंय, तेव्हा बघून यावं असं फार वाटतंय. तिथे जुनं काय शिल्लक आहे?

फोर्टातला_रत्नागिरीकर
अहो तुमची कोकणकन्या जिथे थांबते ते स्टेशनच त्या रस्त्यावर आहे! हॉर्नबी रोड म्हणजे आताचा दादाभाई नौरोजी रोड, सगळे डी. एन. रोड म्हणतात. क्रॉफर्ड मार्केटपासून निघून सीएसएमटीवरून हुतात्मा चौकाला जातो. माझी सगळी नोकरी याच रस्त्यावर झाली त्यामुळे जरा जास्तच लिहितोय, चालवून घ्या.

काका म्हणतात तो हॉर्नबी वेलार्ड, समुद्राचं पाणी अडवायला घातलेला बांध, त्याचा आता लाला लजपतराय मार्ग झालाय. दोन्हींना नाव एकाच माणसाचं, विल्यम हॉर्नबी, १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर, म्हणून घोटाळा होतो.

हा डी. एन. रोड आधी मुंबईच्या किल्ल्याच्या आतला लहानसा होता. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याची तटबंदी पाडली आणि मग हा रुंद झाला. हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन आहे ना, तिथेच किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता, आता तिथे तट दिसत नाही पण चर्चगेट स्टेशनचं नाव तेवढं राहिलं. सीएसएमटीची इमारत १८७८ ते १८८८ दरम्यान बांधली, आर्किटेक्ट स्टीव्हन्स, त्यानेच समोरची महापालिकेची इमारत पण केली, ती १८९३ची. गाडीतून उतरून लगेच टॅक्सी धरू नका, समोरच्या फुटपाथवर जाऊन मागे वळून बघा, आपली माणसं आयुष्यभर त्या स्टेशनात चढतात उतरतात पण मान वर करून बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

मालवणची_माई
वरच्या दादांनी छान सांगितलंय, मी फक्त कमानींचं सांगते. १८९६ च्या सुमारास नियम आला की या रस्त्यावरच्या इमारतींनी खालच्या मजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा रस्ता सोडायचा. म्हणून वर कुठे गॉथिक, कुठे आणखी काही, पण खाली मात्र सगळ्यांना सलग पडवी, आपल्या घराला असते तशीच, भर पावसात छत्री न उघडता बराचसा रस्ता चालता येतो. वाटेत वाच्छा अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, लागेल, १८८१ची, दारात पंख असलेले माणसाच्या तोंडाचे मोठे दगडी बैल आहेत. पारशी नसलेल्यांना आत सोडत नाहीत, पण बाहेरून निवांत बघा.

आणि दादाभाईंच्या पुतळ्यापाशी थांबाच, तो हुतात्मा चौकाच्या बाजूला आहे. १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीमधून पार्लमेंटवर निवडून आले, तीनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि हिंदुस्थानचा पैसा इंग्लंडला कसा वाहून नेला जातो ते आकडे मांडून दाखवलं. गव्हर्नरचं नाव काढून त्यांचं दिलं ते अगदी योग्य झालं असं माझं ठाम मत आहे.

देवगडचा_कलमवाला
खूप आभार दोघांचे! मग क्रॉफर्ड मार्केटात आता दलालांच्या जुन्या पेढ्या असतील का?

पेटीवाला_राजापूर
घाऊक फळबाजार नव्वदच्या दशकातच वाशीला गेला, त्यामुळे तेव्हासारखे दलाल तिथे भेटणार नाहीत, किरकोळ फळवाले आहेत, सीझनला हापूसच्या पेट्या लागतातच. पण बघायला जाच. १८६९ची इमारत, आताचं नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. प्रवेशद्वारावर शेतकऱ्यांची दगडी शिल्पं कोरलीत, ती लॉकवुड किपलिंगची, हा रस्त्यापलीकडच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा आणि त्याचा मुलगा रुडयार्ड, 'जंगल बुक'वाला लेखक, १८६५ला त्याच आवारात जन्मला. बागायतदाराच्या नातवाने ती शिल्पं नाही बघायची तर कोणी बघायची. तुमच्या आजोबांचा माल गलबताने नाहीतर बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरून तिथेच गेला असणार.

त्या पट्ट्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवू नका, दमटपणा आत कोंडतो आणि बुरशी येते, साध्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पेन्सिलचं लिखाण लवकर पुसतं. शक्यतो रविवार टाळा, त्या दिवशी फोर्टातली ऑफिसं आणि बरीच दुकानं बंद असतात. मार्केटपासून सुरुवात करून खाली हुतात्मा चौकाकडे चालत या, मध्येच स्टेशन लागतं तिथे सामान क्लोकरूमला टाकता येईल.