मध्यम बजेट असेल तर 'गेमिंग हेडसेट' घेऊच नये: साधा हेडफोन आणि वेगळा माइक. पटतंय का?

पायरव

"बजेट मध्यम आहे, पीसीवर गेम खेळायला कोणता हेडसेट घेऊ?" हा प्रश्न सारखा येतो आणि उत्तरांत दहा मॉडेलांची नावं पडतात. निवडायचं कशावरून, हे मात्र कोणी बोलत नाही. माझं मत असं: खोक्यावर 'गेमिंग' लिहिलेला हेडसेट मध्यम बजेटमध्ये घेऊ नये. गाणी ऐकण्यासाठी विकला जाणारा, तारेचा, जमल्यास ओपन-बॅक (कपची मागची बाजू उघडी, जाळीची असलेला) हेडफोन घ्यावा. माइक वेगळा.

कारण सरळ पैशांचं आहे. ठरलेल्या किमतीत कंपनीला दिवे, बॅटरी, वायरलेस चिप, माइक, सॉफ्टवेअर आणि जाहिरात हे सगळं बसवायचं असतं. मग ड्रायव्हर (कपमधला आवाज काढणारा छोटा स्पीकर) आणि पॅड यांच्या वाट्याला जे उरेल ते येतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

खोक्यावरचे आकडे तर अजिबात बघू नका. '५० मिमी ड्रायव्हर' म्हणजे मोठा ड्रायव्हर, चांगला ड्रायव्हर नव्हे. '१० ते ४०,००० हर्ट्झ' असं लिहिलेलं असतं. माणसाचा कान ऐकतो २० ते २०,०००, तेही तरुणपणी. आणि त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबल वरखाली होतो हे दिलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थच नाही. '७.१ सराउंड'चंही, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येण्याच्या दाव्याचंही, तेच. बहुतेक अशा हेडसेटांत प्रत्येक कानाला ड्रायव्हर एकच असतो, बाकी सगळं सॉफ्टवेअर.

आवाज कुठून आला हे मेंदू कसं ओळखतो? डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी आणि जरा मोठा पोहोचतो. हा वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतकाच, पण मेंदूला तो पुरतो. पुढे की मागे, वर की खाली, हे मुख्यतः कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे वरच्या फ्रीक्वेन्सीत जे बदल होतात त्यांवरून कळतं. हे सगळं गणित करून दोन चॅनलमध्ये बसवण्याला एचआरटीएफ म्हणतात, आणि काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट यांसारख्या गेममध्ये ती सोय आतच आहे. हेडफोनने फक्त ते दोन चॅनल वाकडे न करता कानापर्यंत पोहोचवायचे.

आणि तिथेच बरेच गेमिंग हेडसेट मार खातात. स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून त्यांचा बास फुगवलेला असतो. खालचे मोठे आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतात, हा कानाचाच स्वभाव आहे. म्हणजे ग्रेनेडची घरघर चालू असताना मागच्या जिन्यावरची पावलं गेली.

माझी नावं: सेनहायझर एचडी ५६०एस किंवा त्याहून स्वस्तात फिलिप्स एसएचपी९५००. दुसऱ्याची तार निघते आणि कपवर साधा ३.५ मिमीचा जॅक आहे, त्यामुळे तिथे व्ही-मोडा बूमप्रोसारखा माइक थेट बसतो.

रात्रपाळी

असहमत, आणि बऱ्यापैकी ठामपणे.

ओपन-बॅक ऐकायला सुंदर असतात, पण ते स्वतःची बंद खोली असणाऱ्यांसाठी. घरातले झोपलेले असताना खेळणारा माणूस ओपन-बॅक घालून बसला तर गोळीबार सगळ्यांना ऐकू जाणार. उलट बाजूने पंखा, शेजारचं बोलणं, कॅबिनेटच्या फॅनची घुमघुम हे सगळं आत येणार. ते झाकायला तुम्ही आवाज वाढवणार. मोकळ्या आवाजाचा फायदा तिथेच संपला.

दुसरं, माइक. टेबलावरचा माइक तोंडापासून अर्धा मीटर लांब आणि कीबोर्डच्या डोक्यावर असतो. बूम माइक, म्हणजे हेडसेटच्या दांडीवरचा, तोंडापासून चार-पाच सेंटीमीटरवर. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणजे इथे साधारण २० डेसिबलचा फरक झाला. मग तुम्ही गेन (माइकची संवेदनशीलता) वाढवता आणि टीममधल्या बाकीच्यांना तुमच्या बोलण्याऐवजी कळांची खटखट ऐकवता. चार जणांच्या टीममध्ये मी आधी त्यांचा विचार करतो.

आणि 'गेमिंग' लिहिलं म्हणजे कचरा, हेही खरं नाही. पहिला हायपरएक्स क्लाउड हा मुळात टाकस्टारच्या प्रो ८० या स्टुडिओ हेडफोनवर बेतलेला होता. ॲल्युमिनियमची फ्रेम, बदलता येणारे पॅड, काढता येणारा माइक. त्यात दिवे नव्हते आणि आवाजाची फसवणूकही नव्हती. असे हेडसेट शोधावे लागतात, पण आहेत.

पायरव

टेबलावरचा माइक घ्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. बूमप्रो किंवा चुंबकाने चिकटणारा मॉडमाइक हे दोन्ही तोंडापाशीच येतात, त्यामुळे तुमचे २० डेसिबल जागच्या जागी राहतात. शिवाय माइक बिघडला तर माइकच बदलायचा, अख्खा हेडसेट टाकायचा नाही.

खोलीचा मुद्दा मान्य. क्लोज्ड-बॅक (मागून बंद कपचा) हवाच असेल तर बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो बघा. मात्र ओहम (हेडफोनचा विद्युत-रोध) बघून घ्या. हा ३२, ८० आणि २५० अशा वेगवेगळ्या आवृत्त्यांत मिळतो. २५० वाला साध्या मदरबोर्डवर दबका वाजू शकतो आणि मग ॲम्पचा (आवाजाला जोर देणाऱ्या यंत्राचा) वेगळा खर्च. बजेट तिथेच फुटतं.

तीन_रिंगांचा_जॅक

तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडून देताय: हेडफोन लावणार कुठे?

एका तारेत आवाज आणि माइक दोन्ही असतील तर त्या पिनवर तीन काळ्या रिंगा, म्हणजे चार भाग असतात. ती मोबाइल-लॅपटॉपला चालते. बहुतेक डेस्कटॉपच्या मागे हिरवा आणि गुलाबी असे दोन वेगळे जॅक असतात. तिथे ही पिन नुसती खुपसली तर आवाज येईल, माइक चालणार नाही. दोन शेपट्यांची स्प्लिटर केबल लागते. बूमप्रोलाही हे लागू आहे. 'माइक खराब निघाला' म्हणून परत केलेल्या कितीतरी हेडसेटांत दोष एवढाच असणार, असं मला वाटतं.

दुसरं, कॅबिनेटच्या समोरच्या जॅकची तार ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते. शांत मेनूमध्ये माउस हलवून बघा. हलवताना बारीक किरकिर ऐकू आली तर दोष हेडफोनचा नाही. मागच्या जॅकला लावा, नाहीतर छोटा यूएसबी डॅक (यूएसबीला लावायचं बाहेरचं साउंड कार्ड) घ्या. नवा हेडफोन घेण्याआधी हे करून बघाच.

आणि ब्लूटूथ घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. साध्या ब्लूटूथवर आवाज १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येऊ शकतो. ट्रिगर दाबला आणि आवाज मागाहून. त्याहून वाईट म्हणजे माइक चालू केला की क्लासिक ब्लूटूथ कॉलच्या प्रोफाइलवर उतरतं आणि आवाज मोनो होतो, ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सँपलिंगचा. डावं-उजवं काहीच उरत नाही. वायरलेस हवाच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डाँगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) असलेला घ्या, त्यात उशीर जाणवण्याइतका नसतो.

कानात_घाला

इतका ऊहापोह आणि इन-इअरचं नाव नाही? मध्यम बजेटच्याही निम्म्यात काम होतं. मूनड्रॉप चू किंवा सेव्हन हर्ट्झचा झिरो यांसारखे तारेचे आयईएम (कानात बसणारे इन-इअर मॉनिटर) आवाजात कितीतरी महागड्या हेडसेटांना भारी पडतात. बाहेरचा आवाज थांबतो, गळती नाही, डोक्यावर वजन नाही, चष्म्याची अडचण नाही, कुठल्याही जॅकवर वाजतात.

स्टेजवरच्या मोठ्या स्पर्धा बघा. खेळाडूंच्या डोक्यावर प्रायोजकाचा जाडजूड हेडसेट दिसतो, पण बऱ्याच ठिकाणी गेमचा आवाज आतल्या इअरफोनमधून येत असतो. बाहेरच्या हेडसेटमध्ये प्रेक्षकांचा गलका झाकायला नुसता खरखरता नॉइज सोडलेला असतो. जाहिरात त्या बाहेरच्याची होते.

किंमत आणि आवाज यांच्याबद्दल एक अभ्यासही आहे. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजणी तपासली, आणि किंमत व फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (खालच्या-वरच्या सुरांपैकी कुठला किती मोठा वाजतो) यांत काही संबंध आढळला नाही. तेव्हा 'बजेट थोडं वाढवा' हा सल्ला देण्याआधी जरा थांबा.

रात्रपाळी

तो अभ्यास फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सपुरता आहे. बिजागरी किती वर्षं टिकते, पॅड मिळतात का, तार बदलता येते का, हे त्यात येत नाही, आणि मध्यम बजेटवाल्याला तेच जास्त महत्त्वाचं असतं, कारण त्याला दरवर्षी नवा घ्यायचा नसतो.

शिवाय सलग चार तास कानात बोळा घालून बसणं सगळ्यांना सोसत नाही. आणि कान पूर्ण बंद असले की स्वतःचं बोलणं डोक्यातल्या डोक्यात घुमतं, मग माणूस नकळत ओरडून बोलतो. चांगल्या हेडसेटमध्ये साइडटोन असतो, म्हणजे माइकमधला आपलाच आवाज हलकासा आपल्या कानात येतो. घरातल्यांच्या झोपेसाठी ही सोय कुठल्याही ड्रायव्हरपेक्षा मोलाची आहे.

चष्मा_आणि_हेडफोन

आवाजावर भांडा, पण वजन आणि पकड यांवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

चष्म्याची काडी पॅडखालून जाते तिथे फट राहते. क्लोज्ड-बॅकमध्ये त्या फटीतून बास निसटतो, म्हणजे तुम्ही ज्या आवाजासाठी पैसे दिले तो तुम्हाला मिळतच नाही. पकड घट्ट असेल तर फट कमी होते, पण तासाभरात काडी कानामागच्या हाडात रुतायला लागते. मऊ, जाड, कापडी मखमली पॅड काडीभोवती बसतात आणि घामही कमी येतो. खोट्या चामड्याचे पॅड सुरुवातीला गुळगुळीत असतात. मग एक दिवस कानाच्या पाळीवर आणि मानेवर काळे पापुद्रे चिकटलेले सापडतात. म्हणून विकत घेण्याआधी त्या मॉडेलचे सुटे पॅड मिळतात का, हे शोधा. मिळत नसतील तर सोडून द्या. मात्र पॅडचं कापड बदललं की आवाजही थोडा बदलतो, हे लक्षात असू द्या.

माझी मर्यादा ३०० ग्रॅमच्या आसपास आहे. त्याच्या बरंच वर गेलं की मान बोलायला लागते. दुकानात दोन मिनिटं घालून काही कळत नाही, तेव्हा परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात एक लांबलचक बैठक करा.

एकच_कान

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि मी रोज खेळतो. इथली निम्मी चर्चा दिशेच्या आवाजावर आहे. माझ्यासारख्याला त्याचा उपयोग नाही. मी विंडोजमध्ये मोनो ऑडिओ चालू ठेवतो, नाहीतर डावीकडचं काहीच कळत नाही. दिशेसाठी डोळ्यांवर अवलंबून राहतो: फोर्टनाइटमध्ये आवाज पडद्यावर चिन्हांनी दाखवायची सोय आहे, माइनक्राफ्टच्या आवाजांच्या सबटायटलमध्ये बाण असतात.

त्यामुळे माझा खर्च सगळा आराम आणि माइक यांवर. 'स्टेज किती रुंद' (आवाज किती पसरलेला वाटतो) वगैरे पाहून महाग मॉडेल सुचवण्याआधी समोरच्याला कसं ऐकू येतं हे विचारा, एवढीच विनंती.

पायरव

@एकच_कान, हे धाग्यात येणं गरजेचं होतं. धन्यवाद.

@कानात_घाला, आयईएमवर माझा आक्षेप आवाजाचा नाही, तर सवयीचा आहे. पण ब्रेबार्ट यांचा निष्कर्ष माझ्याच बाजूने जातो. टोन तर फुकट दुरुस्त होतो: इक्वलायझर एपीओ हे सूर वरखाली करणारं सॉफ्टवेअर विंडोजवर मोफत आहे, आणि ऑटोइक्यू प्रकल्पात त्यासाठी हजारो हेडफोनांच्या तयार सेटिंग मिळतात. पकड, वजन, पॅड हे सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. म्हणून हार्डवेअरचे पैसे तिथे घाला.

सगळ्यांसाठी एक: गेममधला एचआरटीएफ चालू असेल तर विंडोज सॉनिक, डॉल्बी ॲटमॉस आणि हेडसेटचं ७.१ ही सराउंडची तिन्ही सॉफ्टवेअर बंद ठेवा. एकदा दिशेचं गणित झालेल्या आवाजावर पुन्हा तेच गणित केलं की पावलं कुठली आहेत ते कळेनासं होतं, सगळं बादलीतून आल्यासारखं वाटतं.

रात्रपाळी

हे शंभर टक्के मान्य.

माझा क्लोज्ड-बॅकचा आग्रह मात्र कायम, आणि त्यामागचं खरं कारण कान आहे. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. गोंगाटाच्या खोलीत ओपन-बॅक लावणारा हे ६ डेसिबल सहज वाढवतो, आणि आठवड्याला दहा तास तर आपल्यापैकी कोणीही खेळतं.

नवा_खेळाडू

वाचून आणखी गोंधळलो. मी एकट्याने कथेचे गेम खेळतो, माइक लागत नाही, खोली शांत आणि स्वतःची आहे. चष्मा आहे. काय घेऊ?

पायरव

ओपन-बॅक, मखमली पॅडचा. माइकचे पैसे वाचले, ते हेडफोनमध्ये घाला. एचडी ५६०एस बजेटमध्ये बसत असेल तर पुढे शोधूच नका.

रात्रपाळी

तुमच्या खोलीत मीही ओपन-बॅकच घेतला असता. फक्त रात्री दार बंद करून दुसऱ्या खोलीत गळती ऐकू येते का, ते परत करायची मुदत संपायच्या आत एकदा तपासा.