सूर्यफुलाची जुनी पाने: प्रकाशसंश्लेषण घटले ते ताणामुळे की वयामुळे?

बीजांकुर
कुंड्यांमधल्या सूर्यफुलावर पाण्याच्या ताणाचा प्रयोग चालू आहे. निम्म्या कुंड्या जलधारणक्षमतेच्या 80 टक्क्यांवर, बाकीच्या 35 टक्क्यांवर, रोज वजन करून. शेंड्याकडून तिसरे पान कोवळे आणि दहावे जुने असे धरले आहे. ताणातल्या दहाव्या पानाचा प्रकाशसंश्लेषणाचा दर फारच खाली गेला आहे. पण त्याच पानाचे एसपॅड वाचन (पानाच्या हिरवेपणावरून हरितद्रव्याचा अंदाज देणाऱ्या मीटरचे) भरपूर पाणी मिळालेल्या झाडापेक्षा थोडे जास्तच येते, आणि एफव्ही/एफएम (प्रकाश पकडणाऱ्या प्रकाशप्रणाली-2 ची कमाल कार्यक्षमता) 0.79 आहे. हरितद्रव्य शाबूत, प्रकाशप्रणाली-2 शाबूत; मग दर घटला तो निव्वळ पर्णरंध्रे मिटल्यामुळे, असे म्हणता येईल का?

मूळरोम
एवढ्यावरून नाही. ही दोन्ही वाचने जुन्या पानात फसवतात.

ताणात पान आक्रसते आणि तेच हरितद्रव्य कमी क्षेत्रफळात दाटते, म्हणून एसपॅड वाढलेला दिसतो. 80 टक्के ॲसिटोनमध्ये अर्क काढा, 663 आणि 645 नॅनोमीटरला शोषण मोजा आणि उत्तर कोरड्या वजनावर मांडा. अर्क अंधारात आणि थंड ठेवा, नाहीतर हरितद्रव्य मोजण्याआधीच विघटित होते.

एफव्ही/एफएम तर फार उशिरा पडतो. निरोगी पानात तो 0.83 च्या आसपास असतो आणि पान बरेच जीर्ण होईपर्यंत फारसा हलत नाही. त्याच्या कितीतरी आधी रुबिस्को, म्हणजे कार्बन डायऑक्साइड बांधणारे एन्झाइम, मोडायला लागते. सूर्यफुलासारख्या सी-3 झाडांच्या (ज्यांत रुबिस्को कार्बन डायऑक्साइड थेट बांधते) पानातल्या नत्राचा सुमारे पाव हिस्सा या एकट्या एन्झाइममध्ये असतो. झाड ते मोडून नत्र वरच्या पानांकडे आणि दाण्यांकडे पाठवते. पाण्याच्या ताणाने हे लवकर सुरू होते, कारण मुळांकडून येणारे, पान तरुण ठेवणारे संप्रेरक सायटोकायनिन घटते आणि पानातले, रंध्रे मिटवणारे संप्रेरक ॲबसिसिक आम्ल वाढते. म्हणजे हिरवे दिसणारे पान आतून बरेच रिते झालेले असू शकते.

आणि 'शेंड्याकडून दहावे' ही मोजणी सोडाच. ताणात नवी पाने उशिरा फुटतात, त्यामुळे ताणातले दहावे पान दिवसांनी जास्त वयाचे असते. पान 4 सेंटिमीटर लांब झाले की देठाला तारखेची चिठ्ठी बांधा आणि समान वयाची पानेच शेजारी ठेवा.

रंध्ररक्षक
मूळरोम यांच्याशी सहमत. त्यात रंध्रवाहकतेचे (रंध्रांतून वायू किती सहज ये-जा करतो त्या मापाचे) आकडे जोडतो. सी-3 झाडांत भरपूर उजेडातली वाहकता 0.15 मोल प्रति चौ.मी. प्रति सेकंदच्या वर असेपर्यंत घट बहुतांशी रंध्रांमुळे असते. 0.15 ते 0.05 या टप्प्यात पेशींमधून कार्बन डायऑक्साइड आत झिरपण्याचा अडथळाही वाढतो, आणि 0.05 च्या खाली चयापचयच बाधित होते.

मात्र याच खालच्या टप्प्यात वायुविनिमय यंत्राने (पान एका छोट्या कक्षात धरून वायूंची देवघेव मोजणारे यंत्र) काढलेल्या पानाच्या आतल्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. रंध्रे पानभर सारखी मिटत नाहीत, पानावरच्या मेणचट थरातून, म्हणजे क्युटिकलमधून, थोडे पाणी जातच असते आणि कक्षाच्या गॅस्केटमधली बारीक गळतीही इथे मोठी ठरते. आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, आत वायू भरपूर आहे असे वाटते आणि दोष एन्झाइमवर जातो.

शिवाय खालची पाने सावलीत असतात. कुंड्या लांब ठेवा, नाहीतर सावलीचा परिणाम वयाच्या नावावर जमा होईल. जुन्या पानाची रंध्रे सावकाश उघडतात, म्हणून कक्षात पूर्ण प्रकाश देऊन 20 ते 30 मिनिटे थांबा.

बीजांकुर
वायुविनिमय यंत्र फार थोडा वेळ मिळते. एकच चाचणी करायची तर?

मूळरोम
पुन्हा पाणी देऊन बघण्याची. ताणातल्या काही कुंड्यांना संध्याकाळी भरपूर पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी प्रकाशसंश्लेषण मंदावण्याआधी, चिठ्ठी लावलेली पाने मोजा. जमल्यास तिसऱ्या दिवशी पुन्हा.

सोबत सापेक्ष जलांश (पूर्ण फुगलेल्या पानात मावणाऱ्या पाण्यापैकी आत्ता किती टक्के आहे) हवाच. 1 सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापून लगेच ताजे वजन घ्या, ऊर्ध्वपातित पाण्यावर मंद उजेडात 4 तास तरंगत ठेवा, टिपून फुगीर वजन घ्या, मग 80 अंशांवर 24 तास वाळवा. ताज्या वजनातून कोरडे वजा करा, फुगीर वजनातूनही कोरडे वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागून 100 ने गुणा. चकत्या रात्रभर ठेवू नका. ताण सोसलेल्या पेशी जास्तीचे पाणी ओढतात, फुगीर वजन वाढते आणि जलांश खोटा कमी दिसतो.

जलांश 90 टक्क्यांवर आला, वाहकता परतली आणि दरही परतला, तर अडथळा रंध्रांचा होता. जलांश आला पण वाहकता अडूनच राहिली, तर तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. ॲबसिसिक आम्लाचा परिणाम रेंगाळतो. अशा पानाला कक्षात जास्त कार्बन डायऑक्साइड देऊन, म्हणजे मिटलेल्या रंध्रांची अडचण बाजूला सारून, दर बघा. तरीही तो त्याच वयाच्या, सतत पाणी मिळालेल्या पानाच्या खाली राहिला, तर ती तूट ताणाने आणलेल्या अकाली जीर्णतेची. आणि सतत पाणी मिळालेल्या झाडातल्याच कोवळ्या व जुन्या पानातला फरक, तो निव्वळ वयाचा.