‘छंदाचा खर्च लोकांनी का उचलावा?’ या प्रश्नाला उत्तर

धंतोलीकर: झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे चित्रीकरण करून यूट्यूबवर ठेवणाऱ्या, नागपूरच्या मानेवाड्यात भाड्याने राहणाऱ्या एका कलावंताने भाडे थकल्याने महिनाअखेर घर सोडावे लागेल, असे लिहून मदत मागितली. त्यावर काल येथे कुणीतरी ‘छंदाचा खर्च लोकांनी का उचलावा, नोकरी शोधा’ असे सुनावले. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की वडसा गावच्या नाटक मंडळ्यांचे प्रयोग रात्रभर रंगतात. गारठ्यात पहाटेपर्यंत कॅमेरा सांभाळणाऱ्याने सकाळी दहाला कोणत्या कचेरीत हजर व्हावे, हे त्या गृहस्थांनीच सांगावे. ते प्रयोग आपण घरबसल्या पाहिले, त्यामुळे ही भीक नसून आपल्याकडचे थकलेले देणे आहे.

इतवारीवाले: तो गृहस्थ मीच. आधी भाव सांगितला असेल तरच दुकानदाराला उधारी मागता येते. जाहिरातींत वाटा मिळण्यासाठी 1,000 सदस्य आणि 12 महिन्यांत पाहिले गेलेले 4,000 तास लागतात, हे ठाऊक असून त्यावर संसार मांडणे हा अविचार आहे. माझ्या धाकट्या भावाने नाटकापायी बी.एड. सोडले, त्याचे भाडे मी भरत राहिलो आणि तो दरवर्षी नवे नाटक काढत राहिला.

निवृत्त शिक्षिका: भावावरचा राग या मुलावर काढू नये. शासनाचे कलावंत मानधन पन्नाशीनंतर मिळते. हा तर तिशीतला आहे.

नंदनवनचा घरमालक: घरमालकाचा विचार कुणी केला आहे काय? माझा संगीतशिक्षक भाडेकरू वीजबिल थकवून, फुटक्या भात्याची पेटी मागे ठेवून निघून गेला, आणि माझ्या गृहकर्जाचा हप्ता मात्र दरमहा कापला गेला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातील कलम 24 प्रमाणे घर अडवणाऱ्यास दुप्पट रक्कम भरावी लागते, हेही त्या कलावंतास कळवा.

महालातील वकील: ती दुप्पट रक्कम लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहू देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावरही ताबा न सोडल्यास लागते, मुदतीच्या आत थकलेल्या भाड्याला ते कलम लागू नाही. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, आणि नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आपण नोंदणी केली होती काय?

नंदनवनचा घरमालक: अकरा महिन्यांचा नोटरी केलेला करार होता. सगळे तसेच करतात.

महालातील वकील: सगळे तसेच करतात, त्यावर आमची वकिली चालते.

नंदनवनचा घरमालक: चालणारच! दोन्ही पक्षांकडून फी घेणाऱ्यांनी आम्हाला कायदा शिकवू नये.

धंतोलीकर: आपले भांडण आटोपले असेल, तर त्या कलावंताचा करार नोंदणीकृत आहे काय, हे मी आजच विचारतो. वर्गणी जमल्यास थेट त्याच्या घरमालकाच्या खात्यात भरू.

इतवारीवाले: भरा, परंतु या महिन्याचे भाडे भरून पुढच्या महिन्याचे काय, हे कुणीच सांगितले नाही. आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, यंदा नाटक आहे. त्याचे चित्रीकरण करून द्यावे, ठरलेले पैसे आगाऊ देतो. दान मात्र माझ्याकडून मिळणार नाही, आणि भाव त्याने आधी सांगावा.